सर्व्हर बदलल्यावर परमिशन का जातात आणि त्या कशा टिकवायच्या

नव्या सर्व्हरवर सगळा डेटा आला, फायलींची संख्या जुळली, एकूण आकारही जुळला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता लेखा विभागातून फोन येतो: "सर, कालपर्यंत उघडत होतं, आज ॲक्सेस डिनाइड म्हणतंय." तासाभरात शेतकी विभागाचा फोन: "फाईल उघडतेय, पण सेव्ह होत नाही." या दोन्ही तक्रारी त्रासाच्या असल्या तरी कळतात आणि दुपारपर्यंत मिटतात.

मला काळजी वाटते ती तिसऱ्या प्रकाराची, ज्यात फोन येतच नाही. टाईम ऑफिसचं पगारपत्रक, संचालक मंडळाच्या ठरावांचे मसुदे, पतसंस्थेतल्या थकबाकीदारांच्या याद्या, हे सगळं नव्या सर्व्हरवर प्रत्येकाला उघडतं आणि कुणी तक्रार करत नाही. जास्तीचा हक्क मिळाला म्हणून कोण फोन करणार? महिन्यांनी कुणाच्या तरी हातात छापील कागद दिसतो, तेव्हा कळतं.

जालना, परभणी, लातूर भागातल्या कारखान्यांचे, पतसंस्थांचे आणि महाविद्यालयांचे सर्व्हर सांभाळताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटतो. विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ यांचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, २०१६ चा १२ जानेवारी २०२७ रोजी संपणार आहे. म्हणजे ज्यांचं स्थलांतर अजून बाकी आहे, अशी कार्यालयं अजून पुष्कळ निघतील. म्हणून हे सविस्तर लिहितोय. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना नेहमीच्या रोमन अक्षरांत करायच्या.

परमिशन नावावर नसते, क्रमांकावर असते

फोल्डरवर राइट-क्लिक करून सिक्युरिटी टॅब उघडला की आपल्याला 'लेखा', 'शेतकी', 'स्टोअर' अशी नावं दिसतात. डिस्कवर ही नावं कुठेही लिहिलेली नसतात. तिथे असतो एसआयडी, म्हणजे 'एस-१-५-२१' ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक. विंडोज तो क्रमांक वाचते, तो कुणाचा हे शोधते आणि आपल्याला नाव दाखवते. गावात दोन बालाजी असले तरी बँक नावावर पैसे देत नाही, खाते क्रमांक बघते. इथेही तसंच आहे. जुन्या सर्व्हरवरचा 'लेखा' आणि नव्या सर्व्हरवर तुम्ही त्याच नावाने, त्याच पासवर्डने बनवलेला 'लेखा' हे विंडोजच्या दृष्टीने दोन वेगळे युजर आहेत.

काही क्रमांक सगळ्या मशीनवर सारखेच असतात. ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाचा एस-१-५-३२-५४४, युजर्स गटाचा एस-१-५-३२-५४५, एव्हरीवनचा एस-१-१-०. त्यामुळे स्थलांतरानंतर ॲडमिनला सगळं नीट दिसतं, त्याला वाटतं काम झालं. अडतात ती बाकीची माणसं. तपासणी ॲडमिनच्या लॉगिनने करू नये, याचं कारण हेच.

डोमेन असेल, म्हणजे सगळ्या कार्यालयाचे युजर एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवलेले असतील, तर हा क्रमांक डोमेनकडून मिळतो आणि सर्व्हर बदलला तरी तोच राहतो. पण आपल्याकडे पंचवीस-तीस संगणकांच्या कार्यालयात बहुतेक वेळा डोमेन नसतंच. वर्कग्रुप असतो, सर्व्हरवर लोकल, म्हणजे त्या मशीनपुरते युजर बनवलेले असतात आणि संगणकावरचं नाव-पासवर्ड सर्व्हरवरच्या नाव-पासवर्डशी जुळतं म्हणून शेअर (नेटवर्कवरून दिसणारं सर्व्हरचं फोल्डर) उघडतं. अशा ठिकाणी कोणतंही कॉपीचं साधन वापरलं, कितीही महागडं आणलं, तरी परमिशन आपोआप टिकत नाही. साधन क्रमांक जसाच्या तसा इमानेइतबारे नेतं, पण नव्या मशीनवर तो क्रमांक कुणाचाच नसतो. सिक्युरिटी टॅबमध्ये 'अकाउंट अननोन' आणि पुढे नुसते आकडे दिसतात ते त्यामुळे. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले डोमेन गृहीत धरून लिहिलेले असतात, ते वाचून आपल्याकडची माणसं रोबोकॉपीच्या (विंडोजमधल्या कॉपीच्या कमांडच्या) स्विचमध्ये, म्हणजे तिच्या पुढे लावायच्या पर्यायांत, दोष शोधत बसतात. दोष स्विचमध्ये नसतो. आधी युजर आणि ग्रुप न्यायचे, त्यांच्या जुन्या-नव्या क्रमांकांची जोडी लावायची आणि मग फायलींकडे वळायचं. माझं या सगळ्या विषयातलं मुख्य सांगणं एवढंच आहे.

डोमेन असलेल्या ठिकाणीही एक गोष्ट नक्की बघा. डोमेनमधल्या माणसांना जुन्या फाईल सर्व्हरवरच्या लोकल ग्रुपमध्ये टाकून त्या ग्रुपला फोल्डर दिलेलं असतं. अर्धे फोल्डर चालतात, अर्धे चालत नाहीत, अशी तक्रार आली की पहिला संशय या लोकल ग्रुपवर घ्यावा.

साध्या कॉपी-पेस्टने काय होतं

एक्सप्लोररमधून कॉपी करून पेस्ट केलं की फाईल नव्या जागी नव्याने जन्माला येते आणि ज्या फोल्डरमध्ये पडली त्याची परमिशन वारशाने घेते. जुनी परमिशन तिच्यासोबत येत नाही. कट-पेस्टने टिकते असं जे म्हणतात ते फक्त एकाच ड्राइव्हच्या आत खरं आहे. दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या सर्व्हरवर 'कट' म्हणजे कॉपी करून मूळ पुसणं.

नव्या ड्राइव्हच्या मुळाशी युजर्स गटाला वाचण्याचा हक्क सुरुवातीपासूनच दिलेला असतो. त्यात पेस्ट केलेलं पगारपत्रक सगळ्यांना वाचता येतं. वर सांगितलेला न कळणारा प्रकार इथून सुरू होतो.

पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कचंही असंच. एफएटी३२ किंवा एक्सएफएटी फॉरमॅटमध्ये परमिशन लिहायला जागाच नसते, त्यामुळे त्यातून गेलेली फाईल परमिशन गमावूनच बाहेर पडते. झिप करून नेली तरी तेच. डिस्कवरूनच न्यायचं असेल तर ती डिस्क एनटीएफएसमध्ये, म्हणजे परमिशन साठवणाऱ्या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये, फॉरमॅट करा आणि तिच्यावरही रोबोकॉपीनेच कॉपी करा. जुना सर्व्हर विंडोज २००३ चा असेल तर मी हाच मार्ग घेतो. २००३ ला फक्त एसएमबी१ (नेटवर्कवर फायली देण्या-घेण्याची जुनी पद्धत) बोलता येतं, नव्या सर्व्हरवर ते मुळात बंद असतं, आणि एका स्थलांतरासाठी ते जुनं दार उघडणं मला पटत नाही.

वर्कग्रुपमध्ये काम कसं करायचं

उदाहरणासाठी एक साखर कारखाना धरू. डी ड्राइव्हवर 'डेटा' नावाचं फोल्डर, त्यात 'ऊस बिले', 'सभासद', 'पगारपत्रक', 'स्टोअर', 'ठराव'. सर्व्हरवर लोकल युजर आणि चार-पाच लोकल ग्रुप.

जुन्या सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि युजर व ग्रुपची नावं त्यांच्या क्रमांकांसह काढा. जुन्या विंडोजवर 'डब्ल्यूएमआयसी युजरअकाउंट गेट नेम,एसआयडी' आणि तसंच 'युजरअकाउंट'च्या जागी 'ग्रुप' टाकून. २०१६ पासून पुढे पॉवरशेलमध्ये 'गेट-लोकलयुजर' आणि 'गेट-लोकलग्रुप' आहेत. कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे तेही 'नेट लोकलग्रुप' आणि पुढे ग्रुपचं नाव देऊन बघून घ्या. ही यादी कागदावर छापा. सोडून गेलेल्या माणसांची नावं यात हमखास निघतात. ती नव्या सर्व्हरवर न्यायची नाहीत.

नव्या सर्व्हरवर तेच युजर, तेच ग्रुप बनवा आणि त्यांचे नवे क्रमांक त्याच कागदावर समोर लिहा. युजरच्या क्रमांकाचा शेवटचा भाग हजारापासून पुढे, ज्या क्रमाने युजर बनले त्या क्रमाने वाढत जातो. एखाद्या फोल्डरवर अनोळखी क्रमांक दिसला आणि जुना सर्व्हर हाताशी नसला, तर शेवटच्या आकड्यावरून तो किती आधीचा युजर असावा याचा अंदाज बांधता येतो.

आता परमिशनची फाईल काढायची. त्यासाठी विंडोजमध्येच आयकॅक्ल्स ही परमिशन बघायची-बदलायची कमांड आहे. जुन्या सर्व्हरवर:

आयकॅक्ल्स डी:\डेटा /सेव्ह सी:\काम\हक्क.टीएक्सटी /टी /सी

यात प्रत्येक फाईल-फोल्डरची परमिशन मजकूर रूपात साठते. ही फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघायला हरकत नाही, पण बदल करून दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करू नका. मराठी नावांचे फोल्डर असतील तर त्या चुकीने नावं बिघडतात आणि परत लावताना 'फाईल सापडत नाही' असं येतं.

मग डेटा आणायचा. मी कॉपी नेहमी नव्या सर्व्हरवर बसून, जुन्याकडून ओढून घेतो:

रोबोकॉपी \\जुना\डी$\डेटा डी:\डेटा /ई /कॉपी:डीएटीएसओ /डीकॉपी:डीएटी /बी /आर:१ /डब्ल्यू:१ /एक्सजे /युनिलॉग:सी:\काम\फेरी.टीएक्सटी /टी-ई-ई

शेवटचा स्विच टी-ई-ई ही तीन अक्षरं सलग लिहून द्यायचा. त्याने लॉगमध्ये जाणारी माहिती पडद्यावरही दिसते.

कॉपीच्या पुढची अक्षरं नीट समजून घ्या. डी म्हणजे डेटा, ए म्हणजे ॲट्रिब्यूट, टी म्हणजे तारीख-वेळ, एस म्हणजे परमिशन, ओ म्हणजे ओनर. रोबोकॉपीला काहीच सांगितलं नाही तर ती फक्त पहिल्या तीन गोष्टी नेते. 'रोबोकॉपी वापरलं तरी परमिशन गेल्या' या तक्रारीचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. 'कॉपीऑल' दिलं की या पाचांसोबत यू, म्हणजे ऑडिटिंगची (कुणी काय उघडलं याची नोंद ठेवण्याची) माहितीही जाते. त्यासाठी 'मॅनेज ऑडिटिंग'चा हक्क लागतो, तो नसेल तर रोबोकॉपी तशी एरर देऊन थांबते. बहुतेक कार्यालयांत ऑडिटिंग कधी चालूच केलेलं नसतं, तेव्हा यू गाळणं सोपं.

आर आणि डब्ल्यू विसरू नका. न सांगितल्यास रोबोकॉपी एका अडलेल्या फाईलवर दहा लाख वेळा, दर तीस सेकंदांनी प्रयत्न करत राहते. कुणीतरी एक्सेल उघडी ठेवून घरी गेलं तर रात्रभर काम तिथेच थांबतं. 'युनिलॉग' घेतला नाही तर लॉगमध्ये 'ऊस बिले' च्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात आणि कोणती फाईल राहिली ते सकाळी शोधता येत नाही.

/बी म्हणजे बॅकअप मोड. ॲडमिनला ज्या फोल्डरचा हक्क नाही तेही यामुळे वाचता येतात. वर्कग्रुपमध्ये यात एक अडसर आहे. दुसऱ्या मशीनशी लोकल ॲडमिन युजरने जोडलं की विंडोज त्याचे ॲडमिनचे हक्क काढून घेऊन साधा युजर म्हणून आत सोडते. मूळचा, विंडोजसोबत आलेला 'ॲडमिनिस्ट्रेटर' मात्र याला सहसा अपवाद असतो. म्हणून 'नेट युज' ने जुन्या सर्व्हरशी जोडताना तोच युजर वापरा. तो बंद ठेवलेला असेल तर जुन्या सर्व्हरच्या रजिस्ट्रीत 'लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी' ची किंमत कामापुरती १ करावी लागते आणि काम संपल्यावर परत शून्य.

लाईट जाईल या भीतीने अनेकजण /झेड लावतात. त्याने अर्धवट राहिलेली फाईल पुढून सुरू होते, पण कॉपी मंदावते. लहान फायलींच्या ढिगाला त्याची गरज नाही. लाईट आल्यावर तीच कमांड पुन्हा दिली की झालेल्या फायली रोबोकॉपी सोडून देते आणि उरलेल्या नेते. टॅलीचा जुना बॅकअप किंवा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग अशा भल्यामोठ्या एकेक फायली असतील तेव्हा /झेड उपयोगी आहे.

डेटा आल्यावर क्रमांक बदलायचे. जुन्या सर्व्हरवरची हक्क.टीएक्सटी नव्याच्या सी:\काम मध्ये आणून ठेवा आणि छापलेल्या कागदावरून जुना-नवा अशा जोड्या द्यायच्या, प्रत्येक क्रमांकाच्या आधी * लावून:

आयकॅक्ल्स डी:\ /सब्स्टिट्यूट *जुनाक्रमांक१ *नवाक्रमांक१ *जुनाक्रमांक२ *नवाक्रमांक२ /रिस्टोअर सी:\काम\हक्क.टीएक्सटी /सी

इथे 'डी:\डेटा' लिहायचं नाही, 'डी:\' लिहायचं. सेव्ह करताना फाईलमध्ये 'डेटा' हे नाव आधीच आलेलं असतं. इथे पुन्हा दिलं तर विंडोज 'डी:\डेटा\डेटा' शोधते आणि शेकडो एरर येतात. सेव्ह करताना 'डी:\डेटा\*' दिलं असेल तर मात्र रिस्टोअरला 'डी:\डेटा' बरोबर. या एका गोष्टीवर लोक संध्याकाळ घालवतात.

आयकॅक्ल्सच्या या फाईलमध्ये ओनर नसतो. ओनर जुन्या क्रमांकाचाच राहिला तर 'सेटओनर' ने बदलावा, निदान जिथे 'क्रिएटर ओनर' ला हक्क दिले आहेत किंवा माणसागणिक डिस्क कोटा लावला आहे तिथे. बाकी ठिकाणी ॲडमिनिस्ट्रेटर्स गट ओनर असला तरी चालतं.

एवढे क्रमांक जुळवायचा वैताग कमी करायचा असेल तर जुन्या सर्व्हरवरच, महिनाभर आधी, माणसांच्या नावाने दिलेल्या परमिशन काढून ग्रुपच्या नावाने द्या. मग चाळीस जोड्यांऐवजी पाच लावाव्या लागतात, आणि पुढे माणूस बदली होऊन गेला तरी फोल्डरला हात लावावा लागत नाही.

दुसऱ्या फेरीनंतर बिघडतं ते का

मोठा डेटा असेल तर पहिली फेरी आठवडाभर आधी आणि शेवटची बंदच्या दिवशी, हे बरोबरच आहे. पण या आठवड्यात कुणी जुन्या सर्व्हरवर एखाद्या फोल्डरची परमिशन बदलली तर? परमिशन बदलली म्हणून फाईलची तारीख बदलत नाही. रोबोकॉपी तारीख आणि आकार बघते, दोन्ही सारखे दिसतात, ती फाईल सोडून देते. परमिशन जुनीच राहते. पहिली फेरी एस न लावता झाली असेल आणि दुसऱ्या फेरीत लावला तरी हेच होतं.

यासाठी /सेकफिक्स आहे. तो दिला की सोडून दिलेल्या फायलींवरही परमिशन नव्याने लिहिल्या जातात. सोबत एस असलेला कॉपी स्विच हवाच. पण वर्कग्रुपमध्ये क्रम सांभाळा: सेकफिक्सने जुने क्रमांक परत येतात, म्हणून सब्स्टिट्यूटचं काम नेहमी शेवटच्या फेरीनंतर, आणि आयकॅक्ल्सची सेव्ह फाईलही त्याच दिवशीची ताजी.

/एमआयआर बद्दल कळकळीने सांगतो. जुन्या सर्व्हरवर नसलेलं सगळं तो नव्यावरून पुसतो. माणसं नव्या सर्व्हरवर काम करू लागल्यावर जुन्या शेड्यूल टास्कमधून ही कमांड एकदा चालली, तर त्या दिवसाचं काम गेलं. शेवटची फेरी झाली की तो टास्क डिलीट करा, नुसता बंद ठेवू नका. त्या टास्कच्या 'लास्ट रन रिझल्ट' रकान्यात '०x१' दिसलं तर घाबरू नका, रोबोकॉपीच्या भाषेत १ म्हणजे फायली कॉपी झाल्या. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर काहीतरी राहिलं आहे.

पंधरा दिवसांनी अचानक परमिशन बदलतात

हा प्रकार उशिरा दिसतो म्हणून त्याचा संबंध कुणी स्थलांतराशी लावत नाही. जुन्या सर्व्हरवर 'डेटा' फोल्डरला काही हक्क डी ड्राइव्हच्या मुळापासून वारशाने आलेले असतात. कॉपीसोबत त्या ओळी येतात, पण नव्या ड्राइव्हच्या मुळाशी तसे हक्क नसतात. काही दिवस चालतं. मग कुणी वरच्या पातळीवर एखादी परमिशन बदलतं, विंडोज वारसा नव्याने मोजते आणि जुन्या ओळी पुसून टाकते.

उपाय कॉपीच्या आधीचा आहे. जुन्या सर्व्हरवर 'आयकॅक्ल्स डी:\डेटा /इनहेरिटन्स:डी' द्या. वारशाने आलेल्या ओळी त्या फोल्डरच्या स्वतःच्या होतात आणि वरचा धागा सुटतो. अक्षर डी आहे याची खात्री करा, आर दिलं तर वारशाच्या ओळी पुसल्याच जातात.

असाच आणखी एक मळ साचतो. ॲडमिनने एक्सप्लोररमधून एखादं बंद फोल्डर उघडायचा प्रयत्न केला की 'कंटिन्यू' चं बटण येतं. ते दाबलं की विंडोज त्या ॲडमिनचं नाव फोल्डरच्या परमिशनमध्ये कायमचं लिहून ठेवते. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदी नव्या सर्व्हरवर नेऊ नका. स्थलांतर हीच त्या साफ करायची वेळ आहे.

फोल्डर बरोबर, तरी सेव्ह होत नाही

सिक्युरिटी टॅब नीट दिसतो, ग्रुपला मॉडिफाय आहे, तरी माणूस फक्त वाचू शकतो. इथे शेअरिंग टॅब बघा. शेअरची परमिशन फोल्डरवर नसतेच, ती सर्व्हरच्या रजिस्ट्रीत 'लॅनमॅनसर्व्हर' च्या खाली 'शेअर्स' मध्ये असते, म्हणून कोणत्याही फाईल कॉपीने ती येत नाही. नवं शेअर बनवलं की एव्हरीवनला फक्त रीड मिळतं. शेअर आणि फोल्डर यांत जो हक्क कमी तोच लागू होतो. म्हणून सगळं असूनही सेव्ह होत नाही.

शेअर खूप असतील तर ती रजिस्ट्रीची शाखा जुन्यावरून एक्सपोर्ट करून नव्यावर इम्पोर्ट करता येते, मग सर्व्हर सर्व्हिस रीस्टार्ट. ड्राइव्हचं अक्षर आणि पाथ तेच हवेत, आणि नव्यावर आधीच असलेले शेअर यात जाऊ शकतात म्हणून त्या शाखेचा बॅकअप आधी घ्या. इथेही वर्कग्रुपमध्ये क्रमांकाचा तोच प्रश्न येतो. दहा-बारा शेअर असतील तर मी ते हाताने बनवतो, शेअरवर ऑथेंटिकेटेड युजर्सना चेंज देतो आणि खरं नियंत्रण फोल्डरवर ठेवतो.

ग्रुपमध्ये नाव टाकूनही उघडत नसेल तर त्या माणसाला लॉग ऑफ करून परत लॉगिन करायला सांगा. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळीच ठरते. संगणकाच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असेल तर तोही काढावा लागतो.

अख्खा ड्राइव्ह मुळापासून एखाद्या फोल्डरमध्ये कॉपी केला आणि ते फोल्डरच दिसेनासं झालं, तर डेटा गेलेला नाही. ड्राइव्हच्या मुळाला लपवलेलं आणि सिस्टम असे दोन गुण असतात, ते फोल्डरला चिकटतात. 'ॲट्रिब -एच -एस' देऊन काढून टाका.

लिनक्स असेल तर

लिनक्सवर नाटक तेच, फक्त क्रमांक छोटे: युजरचा युआयडी आणि ग्रुपचा जीआयडी. तिथली कॉपीची कमांड 'आरसिंक -ए' परवानग्या आणि मालक नेते, पण एसीएल (माणसागणिक दिलेल्या जादा परवानग्यांची यादी) नेत नाही. त्यासाठी मोठा ए, विस्तारित गुणधर्मांसाठी मोठा एक्स आणि हार्ड लिंकसाठी मोठा एच जोडावा लागतो, आणि दोन्हीकडे रूट (लिनक्सचा ॲडमिन) हवा. दोन्ही सर्व्हरवर युजर त्याच क्रमांकाचे असतील तर 'न्यूमेरिक-आयडीज' द्या. नावं सारखी पण क्रमांक वेगळे असतील तर देऊ नका, आरसिंक नावावरून जुळवून घेतो. विंडोजपेक्षा हे काम इथे सोपं आहे. 'गेटएफएसीएल -आर' (इथे मोठा आर) ने आधी नोंद काढून ठेवली तर 'सेटएफएसीएल' च्या रिस्टोअरने ती परत लावता येते.

डोमेन आणि विंडोज सर्व्हर २०१९ किंवा पुढचं असलेल्यांनी स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिस बघावी. ती फायली, परमिशन आणि शेअर एकत्र नेते, नव्या सर्व्हरला जुन्याचं नाव आणि आयपीही देते. लोकल युजरही नेते, पण ते बंद करून, नवा अवघड पासवर्ड लावून. ते हाताने चालू करावे लागतात.

तपासणी आणि वेळ

डोमेनमध्ये दोन्ही सर्व्हरवर आयकॅक्ल्सची सेव्ह फाईल काढून 'एफसी /यू' ने ताडून बघता येते. वर्कग्रुपमध्ये क्रमांक वेगळे असल्याने ते जमत नाही. तिथे ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीतला 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' टॅब वापरा आणि त्याहून महत्त्वाचं, प्रत्येक विभागातला एक माणूस बोलवा. त्याच्या स्वतःच्या लॉगिनने त्याचं फोल्डर उघडून, एक फाईल सेव्ह करून, एक पुसून बघायला लावा. मग त्याच माणसाला दुसऱ्या विभागाचं फोल्डर उघडायला सांगा आणि ते उघडत नाही याची खात्री करा. ही दुसरी चाचणी जवळपास कुणी करत नाही, आणि पगारपत्रक सगळ्यांसाठी उघडं पडलं असेल तर ते हिच्यातूनच कळतं. टाईम ऑफिसच्या माणसाला 'ठराव' उघडायला सांगा, स्टोअरच्या माणसाला 'पगारपत्रक'.

वेळ निवडताना कारखान्यात गाळप चालू असताना हात लावू नका. ऊस बिलं अडली तर शेतकरी गेटवर येतात आणि त्यांचं बरोबरच असतं. पतसंस्थेत मार्च टाळा, महाविद्यालयात प्रवेशाचे जून-जुलै. मला सोयीचा वाटतो १७ सप्टेंबर. मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपलं की कार्यालयं रिकामी होतात, शेवटच्या फेरीला अख्खा दिवस मिळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विभागांची माणसं तपासणीला हजर असतात.

जुन्या सर्व्हरवरची शेअर काढून टाका, म्हणजे सवयीने कुणी तिथे सेव्ह करणार नाही. मशीन मात्र पुढचा एक पगार आणि एक ऊस बिलाची फेरी होईपर्यंत फॉरमॅट करू नका. अनोळखी क्रमांकाचा एखादा फोल्डर बहुधा त्याच वेळी वर येतो, आणि तो कुणाचा होता हे जुनं मशीनच खात्रीने सांगू शकतं.